शेंड्याला लटकलेली अळी : घरी घाटे अळीचा व्हायरस तयार करायच्या नोंदी

आमचं रान हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर. सोयाबीन निघाल्यावर ३० गुंठ्यात दिग्विजय हरभरा टाकला, पेरणी २८ ऑक्टोबरची. रान मामा (सासरे) आणि हे बघतात, मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटे अळीला मारणारा व्हायरस म्हणजे एचएएनपीव्ही या रब्बीला फवारणीसाठी घरी करून बघायचा हे मी अंगावर घेतलं. खाली वहीतल्या नोंदी जवळजवळ आहेत तशा टाईप केल्यात. सुरुवात केली तेव्हा कृती भरपूर मिळाली, पण कुठं काय बिघडतं ते कुणी लिहिलेलं नव्हतं, म्हणून तेच जास्त लिहिलंय.

२ डिसेंबर

शाळेला जायच्या आधी हरभऱ्यात चक्कर मारली. धुकं होतं, पानांवर आंब (हरभऱ्याच्या पानांचा आंबट स्राव) भरलेली, पोटऱ्या चुरचुरायला लागल्या. बांधाकडच्या तिसऱ्या ओळीत एका झाडाच्या अगदी शेंड्याला अळी लटकलेली, मागच्या पायांनी काडी धरलेली आणि डोकं खाली, दोरीवर मोजा वाळत घातल्यासारखी. रंग फिका, अंगावर तेलकट चमक. बोट लावलं तर कातडी फुटून पातळ ताकासारखं तपकिरी पाणी बोटावर आलं. दहा मिनिटांत आणखी दोन सापडल्या आणि त्या पण शेंड्यावरच. निरोगी घाटे अळी दिवसा अशी उघड्यावर येऊन बसत नाही, पानांच्या आत नाहीतर घाट्यात डोकं घालून असते.

मामा म्हणाले, "आगं औषधानं मेल्या असतील." पण आम्ही अजून काही मारलंच नव्हतं, आणि शेजारच्या तात्यांच्या रानात औषधानं मेलेल्या अळ्या मी बघितल्यात, त्या आक्रसून खाली मातीत पडलेल्या असतात. ऑगस्टमध्ये सोयाबीनवर पांढऱ्या कडक झालेल्या आणि नंतर हिरवट भुकटी धरलेल्या अळ्या होत्या तो नोमुरिया बुरशीचा प्रकार, त्या पण वरच्या पानांना चिकटून मेलेल्या, पण खडूसारख्या टणक. ही मऊ, पाणी झालेली. म्हणजे व्हायरसच असणार असं धरलं आणि तिसरी अळी शेंड्यासकट कापून बाटलीत घेतली. पहिल्या दोन हात लावून वाया घालवल्या, तेवढं सुरुवातीचं बी गेलं.

४ डिसेंबर

मैत्रीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिच्या लॅबमध्ये थेंबभर पाणी काचेवर घेऊन बघितलं. ४०० पटीत बारीक चमकणारे कण, सगळे जवळपास सारख्या आकाराचे, साखरेच्या कणांसारखे लखलखीत. हेच पॉलिहेड्रा. व्हायरस या प्रथिनाच्या कवचात गुंडाळलेला असतो, अळीनं पानाबरोबर खाल्ला की तिच्या आतड्यातल्या अल्कलीनं कवच विरघळतं आणि व्हायरस सुटतो. पॉलिहेड्राबरोबर वळवळणारे बॅक्टेरिया पण भरपूर होते, कारण अळी मरून बराच वेळ झालेला. घरी करणार असाल तर एकदा तरी मायक्रोस्कोपखाली बघाच, नाहीतर कुजलेल्या अळीचं पाणी व्हायरस समजून फवारत बसाल.

५ डिसेंबर

हिशेब केला. हरभऱ्याला शिफारस हेक्टरी २५० एलई आहे. ३० गुंठे म्हणजे ०.३ हेक्टर, म्हणजे ७५ एलई. एलईचा अर्थच एका अळीइतकं, म्हणून मी ७५ अळ्या लागतील असं वहीत लिहिलं आणि तिथंच चुकलं. मैत्रिणीनं फोनवर सांगितलं की १ एलई म्हणजे ६ अब्ज पॉलिहेड्रा, आणि घरच्या अळीतनं तेवढे निघत नाहीत, २ अब्ज निघाले तरी समाधान मान. म्हणजे सव्वादोनशेच्या वर अळ्या पाहिजेत. एका दिवसात काम तिप्पट झालं.

खात्री असावी म्हणून एका दुकानातनं तयार एचएएनपीव्हीची बाटली पण आणली, ₹३८०. पार्सलात चटणी देतात तसल्या झाकणाच्या पारदर्शक डब्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतनं आणल्या, ५०० नग ₹४५०.

७ डिसेंबर

काल संध्याकाळी मी आणि लेकीनं मिळून ९० अळ्या गोळा केल्या. अंधार पडला, डब्यांना भोकं पाडायची राहिली होती, म्हणून रात्रीपुरत्या सगळ्या एका मोठ्या डब्यात हरभऱ्याच्या फांद्यांबरोबर ठेवल्या. सकाळी ६१. बाकीच्यांची नुसती डोकी आणि कातडी शिल्लक. घाटे अळी एकमेकींना खाते हे मी वर्गात शिकवलेलं आहे आणि तरी एक रात्र काय होतंय म्हणून ठेवल्या. एका डबीत एकच अळी, रानातच डबीत टाकायची, घरी आणून वाटायची नाही.

८ डिसेंबर

हरभरे रात्रभर भिजवून, धुवून, फॅनखाली वरचं पाणी सुकवलं आणि मग व्हायरसच्या पाण्यात घोळून डबीत दोन-दोन दाणे टाकले. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. ४१ अळ्यांना आमच्या शेंड्यावरच्या अळीचं द्रावण, २० ना दुकानातल्या बाटलीचं. अळ्या सरसकट घेतल्या, अर्ध्या इंचापासून सव्वा इंचापर्यंत. त्याचा परिणाम पुढं येतोच.

डब्या माळ्यावर ठेवल्या. घरात दुसरीकडं ठेवायला आत्यांनी (सासूबाई) साफ नकार दिला आणि ते त्यांचं बरोबरच होतं. हा व्हायरस माणसाला काही करत नाही, पण मेलेल्या अळीत वाढणाऱ्या बॅक्टेरियाबद्दल तसं म्हणता येत नाही, त्यामुळं स्वयंपाकघरापासून लांबच पाहिजे.

१३ डिसेंबर

पाच दिवस झाले. अर्ध्या इंचाच्या नऊ अळ्यांपैकी सहा मेल्या, पण एवढ्याशा, दोऱ्यासारख्या, त्यातनं काय मिळणार. उरलेल्या तिघींच्या अंगातनं तर वेगळंच निघालं, प्रत्येकीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा कोष. कॅम्पोलेटिस गांधीलमाशीनं आधीच आत अंडं घातलेलं. ते कोष रानात नेऊन सोडले, ती माशी आपल्याच कामाची आहे.

मोठ्या अळ्या मात्र अजून खातायत. माळ्यावर रात्री थर्मामीटर १५ अंश दाखवतोय, आणि हे काम पंचवीस-सत्तावीस अंशाला नीट चालतं. म्हणून ६० वॅटचा बल्ब रॅकच्या वर टांगला, दिवस-रात्र चालू. रात्रीचं तापमान २४ पर्यंत आलं आणि मला वाटलं प्रश्न मिटला.

१८ डिसेंबर

दुकानाच्या बाटलीच्या २० पैकी १७ धडधाकट, त्यातल्या बऱ्याच कोषात गेल्या. तीन मेल्या, त्या बहुतेक रानातनंच आजार घेऊन आलेल्या. आठवून बघितलं तर ती बाटली काउंटरमागं उन्हाच्या फळीवर उभी होती, आणि ऊन, गरमी दोन्ही या व्हायरसला मारतात. घेताना तारीख बघितली, जागा बघितली नाही. ₹३८० आणि दहा दिवस गेले.

आमच्या शेंड्यावरच्या बियाण्यानं मात्र काम केलं. मोठ्या ३२ पैकी २७ मेल्या, ५ कोषात गेल्या. कोषात गेलेल्या सगळ्या सव्वा इंचाच्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत पुढं गेलेल्या. पाऊण ते एक इंच, चौथ्या अवस्थेची शेवट-पाचवीची सुरुवात, हेच माप घ्यायचं. त्याहून लहान घेतली तर माल नाही आणि मोठी घेतली तर मरतच नाही.

२० डिसेंबर

आज लई वाईट दिवस गेला. मेलेल्या गोळा करायला बसले. मोठ्या २७ आणि लहान ६ मिळून ३३ डब्या, आणि त्यातल्या २४ डब्यांत अळी झाकणाला आतून चिकटून मेलेली. झाकण उचललं की मागचे पाय झाकणाला, धड डबीच्या कडेला, मधेच कातडी फाटणार आणि पाणी डबीत, बोटांवर, टेबलावर. १९ फाटल्या. व्हायरसच शेवटी अशी एन्झाइम तयार करायला लावतो की अळीची कातडी आणि आतलं सगळं विरघळून जातं, त्यामुळं चिमटा लावायच्या आधीच ती फुटते. नीट हाती आल्या फक्त १४ आणि त्यातल्या सहा लहान. बारा दिवसांच्या कामाचं एवढंच. लेक म्हणाली, "आई, सगळ्या वरच का गेल्यात?" मी तोपर्यंत झाकण कसं काढायचं एवढ्याच विचारात होते.

२१ डिसेंबर

रात्री एकपर्यंत वाचत बसले. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर असं की रानात शेंड्याला आणि डबीत झाकणाला, अळी एकाच कारणानं जाते. जर्मनीतल्या जंगलात नन मॉथ पतंगाच्या अळ्या अशाच झाडांच्या टोकाला जाऊन मरायच्या, ते तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलंय, नाव पण शेंडा-रोग अशाच अर्थाचं. वर मेली की पाणी खालच्या पानांवर गळतं, पाऊस-वाऱ्यानं पसरतं, खालच्या अळ्या ते खातात. व्हायरसला पाय नाहीत, तो अळीचे वापरतो.

२०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या केली हूव्हर आणि सहकाऱ्यांनी जिप्सी मॉथच्या व्हायरसमधलं एकच जनुक, ईजीटी नावाचं, काढून टाकलं तर त्या अळ्या मेल्या पण वर चढल्या नाहीत. हे जनुक अळीचं कात टाकायचं हार्मोन निकामी करतं. दुसऱ्या अळी-व्हायरसच्या जोड्यांत ईजीटीचं काम एवढं सरळ दिसलं नाही, त्यामुळं सगळीकडं हाच एक खटका आहे असं मी धरत नाही. रेशीमकिड्याच्या व्हायरसमध्ये तर आणखी वेगळं जनुक अळीला जास्त भटकायला लावतं.

माझ्या कामाचं पुढं सापडलं. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की आजारी अळीचं वर चढणं उजेडावर चालतं. आणि २०२२ मध्ये चीनमधल्या गटानं आपल्याच घाटे अळीवर, आपल्याच एचएएनपीव्हीवर काम केलंय, दिवा वर असेल तर अळ्या उंच जाऊन मरतात, दिवा खाली ठेवला तर खाली, आणि अळीची उजेड ओळखणारी जनुकं बंद केली की हे चढणं कमी होतं. व्हायरस अळीला उजेडाचं वेड लावतो.

आणि मी १३ तारखेला बल्ब कुठं टांगला, तर बरोबर डब्यांच्या वर.

२२ डिसेंबर

पुढच्या बॅचच्या आधी हे आपल्या माळ्यावर पण होतंय का बघायचं ठरवलं. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, आत चढायला मच्छरदाणीची पट्टी, तळाला टिश्यू पेपर. बल्बमुळं उजेड आणि गरमी एकत्र येते, मग अळी नेमकी कशाकडं गेली कळणार नाही, म्हणून एलईडीची पट्टी आणली (₹१५०). आठ बाटल्यांना उजेड वरून, आठ खालून, आठ खोक्यात पूर्ण अंधारात. शिवाय सहा निरोगी अळ्या, उजेड वरून. आजारी करायला त्या १४ तलं पाणी वापरलं, माप ठरल्याप्रमाणं पाऊण ते एक इंच.

२५ डिसेंबर

तीन चुका एकदम लक्षात आल्या. दाणे मी तळाला टाकलेले, त्यामुळं खायला अळी खाली आणि उजेडाला वर, काहीच कळेना, शिवाय टिश्यूवर बुरशी आली. दुसरं, अंधारातल्या बाटल्या रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चनं वरून बघत होते, म्हणजे अंधार राहिलाच नाही. तिसरं सगळ्यात वाईट, सहा निरोगीतल्या दोन सुस्त पडल्या, कारण ब्रश एकच. आजारी अळी हलवलेला ब्रश निरोगीच्या बाटलीत.

सगळं टाकून दिलं. बाटल्या ब्लीचिंगच्या पाण्यात तासभर ठेवून धुतल्या. आता दोन ब्रश, आणि हात आधी निरोगीला, आजारी शेवटी. दाणा दोऱ्यानं बाटलीच्या मधोमध टांगला. अंधाराची खोकी मेल्याशिवाय उघडायची नाहीत. ख्रिसमसची सुट्टी होती म्हणून निभावलं.

२ जानेवारी

मोजणी. थंडी होतीच, म्हणून खोलीत पाण्याचं पातेलं गरम करून ठेवत होते, तरी आठ दिवस लागले.

वरून उजेड: आठ मेल्या, सात अगदी वरच्या चौथ्या भागात, एक मधे. खालून उजेड: आठ मेल्या, पाच तळाच्या चौथ्या भागात, दोन मधे, एक वर. अंधार: सात मेल्या, तीन खाली, तीन मधे, एक वर, आठवी कोषात. निरोगी सहाही, उजेड वरून असताना, खाली टिश्यूत शिरून कोषाच्या तयारीला लागल्या.

आठ-आठचा आकडा लहान आहे हे मला कळतं. पण वरून उजेडाची ओळ आणि निरोगीची ओळ शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. एकाच वयाची, एकाच रानातली अळी, निरोगी असली की जमिनीकडं जाते कारण तिला मातीत कोष करून पतंग व्हायचंय, आणि आजारी असली की वर जाते जिथं तिला काहीच मिळणार नाही, ऊन आणि कोतवाल पक्षी सोडून. मला ते बघून वाईट वाटलं. लेकीला पण वाटलं.

कामाची गोष्ट, उजेड खालून दिला तर झाकणाला चिकटणाऱ्या कमी होतात.

२ जानेवारी, रात्री

दुसरी बॅच सुरू. २४० अळ्या, तीन दिवस आमच्या रानातनं आणि तात्यांच्या टोमॅटोतनं गोळा केलेल्या. रॅकच्या लाकडी फळ्या काढून जाळी टाकली, जाळीखाली एलईडी पट्टी, वरून काळं कापड. गरमीसाठी तोच ६० वॅटचा बल्ब, पण खाली, पत्र्याच्या डब्यात झाकून. आणि प्रत्येक झाकणाच्या आत बटर पेपरचा तुकडा, म्हणजे जी कोणी हट्टानं वर जाईलच ती कागदासकट उचलता येईल.

८ ते १० जानेवारी

सकाळी पाच, दुपारी शाळेतनं आल्यावर आणि रात्री अकरा, अशा तीन फेऱ्या. वेळ साधणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे. जिवंत असताना उचलली तर पॉलिहेड्रा पूर्ण तयार नसतात, फुटल्यावर उचलली तर बॅक्टेरियाच जास्त. ब्रश लावल्यावर हलत नाही, अंग फिकट-गुलाबी पडलंय, पण कातडी अजून ताणलेली आहे, तेव्हा उचलायची. हे काही तास मिळतात.

२४० चा हिशेब: १८० अखंड हाती, २४ फुटल्या (जास्त करून पहाटेची फेरी चुकली त्या दिवशीच्या), २२ कोषात, १४ गांधीलमाशी आणि इतर कारणांनी गेल्या. झाकणाला विसेकच होत्या आणि बटर पेपरमुळं त्यातल्या पण बऱ्याच वाचल्या. मागच्या वेळी ३३ पैकी २४ झाकणाला होत्या.

ठेवायच्या कुठं हा प्रश्न आलाच. घरच्या फ्रीजला आत्यांनी हात लावू दिला नाही. शेवटी जुना छोटा फ्रीज घेतला, ₹२८००. सगळ्यात मोठा खर्च हाच. कोणी करणार असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या.

११ जानेवारी

अळ्या डिस्टिल्ड पाण्यात वाटल्या (वेगळा खलबत्ता, तो आता कायम माळ्यावरच), मलमलच्या दुहेरी कापडातनं गाळल्या. मैत्रिणीच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज, आधी ५०० फेऱ्यांवर दोन मिनिटं, तळाला बसलेला कचरा टाकला, मग वरचं पाणी ५००० वर वीस मिनिटं, आता तळाचा पांढरट थर ठेवला आणि वरचं टाकलं. पहिल्या नळीला मी उलटं केलं, थर ओतून दिला आणि पाणी ठेवलं. सुदैवानं बीकरमध्येच ओतलेला.

मोजणीच्या काचेवर सरासरी एका अळीमागं १.९ अब्ज. १८० अळ्यांचे ३४२ अब्ज, भागिले ६, म्हणजे ५७ एलई. पाहिजे होते ७५. मग २२ गुंठ्यांवर मारायचं आणि ८ गुंठे तसेच सोडायचे असं ठरलं. मामांना ८ गुंठे सोडणं पटलं नाही, पण अर्धवट ताकदीचं सगळीकडं मारण्यापेक्षा हे बरं आणि फरक पण कळेल असं म्हटल्यावर म्हणाले, "बरं, तुझ्या वहीसाठी म्हणून सोडूया."

१४ जानेवारी

संक्रांत. काल भोगीच्या भाजीला सोलाणे काढताना दर चार-पाच घाट्यांमागं एक पोखरलेला निघत होता, म्हणजे उशीर झालाय. ही फवारणी फुलोऱ्याला, अळ्या बारीक असताना व्हायला पाहिजे होती, पहिली बॅच झाकणाला गेली नसती तर डिसेंबरच्या शेवटी झाली असती.

आधी दहा ठिकाणी ओळीत मीटरभर मोजलं, सरासरी मीटरला ३.१ अळ्या. संध्याकाळी पाचनंतर फवारणी, कारण दिवसा उन्हातली अतिनील किरणं व्हायरस संपवतात. ११० लिटर पाणी, पाठीवरच्या पंपानं साडेसात टाक्या, त्यात अर्धा किलो गूळ आणि कपड्याची नीळ. गुळानं अळी जरा जास्त खाते, नीळ उन्हाला आडवी येते. नीळ घरातली म्हणून तीच वापरली, तिच्या गुठळ्या नोझलला अडकून अर्धा तास गेला, फडक्यातनं गाळून घ्यायला पाहिजे होती.

एक गोष्ट आधी कळायला हवी होती, हरभऱ्याच्या पानावर हा व्हायरस कमी चालतो. पानांवरची आयसोफ्लेवोनॉइड्स नावाची द्रव्यं त्याला निकामी करतात हे २०१० च्या संशोधनात आलंय. म्हणून डोस कमी करायचा मोह टाळावा.

१७ जानेवारी

काहीच नाही. मामा दोनदा विचारून गेले. अळ्या खातायत. रासायनिक औषधाची सवय असलेल्या माणसाला हे चार-पाच दिवस लई जड जातात.

२१ जानेवारी

पहाटे सहाला मामांनीच हाक मारली, "ये, बघ जा." धुक्यात ओळीच्या ओळी, आणि शेंड्याशेंड्यावर अळ्या लटकलेल्या. मी पट्टी घेऊन गेले. चाळीस अळ्यांची उंची मोजली, झाडं साधारण ४५ सेंटिमीटर, ३१ अळ्या वरच्या चौथ्या भागात. काही अजून जिवंत, सावकाश चढत होत्या, मधे पान खायला पण थांबत नव्हत्या. एकीला मी खालच्या फांदीवर ठेवलं, वीस मिनिटांनी ती परत वर.

मामांना वाटलं सगळ्या गोळा करून पुढच्या वेळेला ठेवाव्यात. मी चाळीसच उचलल्या, बाकी तिथंच राहू द्या म्हटलं. त्या तिथं लटकल्यात म्हणूनच खालच्यांना लागण होणार. टी आकाराच्या काठ्यांवर कोतवाल आणि साळुंक्या बसून त्याच खात होत्या, ते पण चालतंय, पक्ष्याच्या पोटातनं व्हायरस जिवंतच बाहेर पडतो आणि विष्ठेतनं लांबच्या ओळीत पोचतो.

२२ जानेवारी

मोजणी. फवारलेल्या २२ गुंठ्यात मीटरला १.४, सोडलेल्या ८ गुंठ्यात २.९. ज्या उरल्या त्या बहुतेक घाट्याच्या आत बसलेल्या मोठ्या अळ्या, त्यांच्यापर्यंत फवारा पोचलाच नाही. मीटरला एक-दोन अळ्या म्हणजे नुकसानीची पातळी धरतात, म्हणजे आम्ही काठावर आहे. लवकर मारलं असतं तर खाली आलो असतो असं मला वाटतं, पण ते पुढच्या वर्षीच कळेल.

खर्च: डब्या ४५०, वाया गेलेली बाटली ३८०, पट्टी १५०, फ्रीज २८००, डिस्टिल्ड पाणी, मलमल, बटर पेपर, गूळ, नीळ मिळून २६०. एकूण ₹४०४०. लॅब मैत्रिणीची, तिचं काही धरलेलं नाही. वेळ मात्र सात आठवडे, रोजचे सरासरी दोन तास.

२ फेब्रुवारी

आज न फवारलेल्या ८ गुंठ्यात गेले होते, घाटे वाळत आलेत. मधल्या ओळीत शेंड्याला अळी. मग पुढं आणखी एक. फवारलेल्या कडेपासून बारा ओळी आत, तिथं आम्ही काही नेलेलं नाही. अकरा सापडल्या, सगळ्या बारीक, सगळ्या वर. मोठी एकही नाही, त्या घाट्यातच.

सात तिथंच ठेवल्या. चार शेंड्यासकट कापून बाटलीत घेतल्या, वर चिठ्ठी लावली: "८ गुंठे, न फवारलेलं, २ फेब्रु." फ्रीजमध्ये त्या चाळीसच्या शेजारी. आता हे बियाणं नोव्हेंबरमध्ये तुरीवर अळी दिसली की बाहेर काढायचं, म्हणजे हरभऱ्याला फूल यायच्या आत माल तयार असेल.